मिस अर्लीन, तू रेकॉर्डिंगला आली नाहीस

मिस अर्लीन, तुला जाऊन बारा दिवस झाले आणि माझा राग अजून उतरलेला नाही. लोक फोन करून विचारतात, कशी आहेस? मी सांगते, ठीक आहे, वाईट वाटतंय. खरं म्हणजे वाईट वाटायला अजून सुरुवातच झालेली नाही. आधी नीट चिडून घेते, मग बघू.

आज मंगळवार. साडेबारा ते दीड ही क्लिनिकमधली माझी जेवणाची सुट्टी, आणि गेली दोन वर्षं ती माझी नव्हतीच, तुझी होती. साडेबाराला ये म्हटलं की तू एकला उगवायचीस. मग कोट काढण्यात पाच मिनिटं, टोपी नीट करण्यात पाच मिनिटं, रिसेप्शनवरच्या मुलीला तिच्या बॉयफ्रेंडबद्दल सल्ला देण्यात दहा मिनिटं. मी तुझ्यासमोर गार पोळीभाजी खात बसायचे आणि तू डब्यात डोकावून विचारायचीस, "आज काय आहे? मला नाही ठेवलं?" आज मी वेळेवर डबा उघडला, गरम केला, आणि अर्धा तसाच बंद करून ठेवला. याचाही दोष मी तुझ्यावरच टाकते.

तुझ्याशी मराठीत बोलायची ही पहिलीच वेळ. इंग्रजीत आपलं सगळं 'यू'वर निभावून गेलं. इथे सगळे तुला तुमच्या गावच्या रीतीने मिस अर्लीन म्हणायचे, म्हणून मीही म्हणायचे. पण मराठीत लिहायला बसले आणि अडले. तुम्ही म्हणू की तू? वयाने तू माझ्या आईच्या बरोबरीची. मग आठवलं, आईला आपण तूच म्हणतो. आणि जिच्याशी इतकं भांडले तिला आता तुम्ही कुठे म्हणत बसू?

जन्म कुठे, शिक्षण किती, मागे कोण कोण, हे सगळं तुझ्या चर्चने छापलेल्या पत्रकात आहे. गुळगुळीत कागद, वर तुझा तरुणपणचा फोटो. त्यात लिहिलंय की तू 'सोल आणि जॅझ गाणारी गुणी गायिका' होतीस आणि 'शांत, नम्र स्वभावाची' होतीस. नम्र! हे ज्याने लिहिलं त्याच्यावर तुला कधी स्ट्रॉने बुडबुडे काढायला लावायची वेळ आली नसणार.

माझ्यावर आली. तू माझ्याकडे पेशंट म्हणून आलीस. थायरॉइडची गाठ काढली होती आणि त्यात डाव्या स्वरतंतूची नस दुखावली होती. असं कधीकधी होतं, कुणाची चूक नसतानाही होतं. उजवा तंतू हलत होता, डावा नुसता पडून होता. दोघं एकमेकांना भेटत नाहीत, मधून हवा गळते, आवाज फुटत नाही. असल्या आवाजांना पुन्हा चालायला शिकवणं हे माझं काम. मॉरिसव्हिलमध्ये आमच्या टाउनहाउसच्या रांगेत प्रत्येक घरात एक तरी सॉफ्टवेअरवाला आहे, आणि त्यांच्यात मी एकटी व्हॉइस थेरपिस्ट, दुसऱ्यांचे घसे बघणारी.

पहिल्या दिवशी तू खुर्चीच्या अगदी कडेवर बसलीस, पर्स मांडीवर, जशी काही उठून जायच्याच तयारीत. माझ्या कोटावरचं नाव वाचलंस आणि म्हणालीस, "सु-जा-ता. मधला सूर लांब. बरोबर?" पंधरा वर्षं या देशात राहून मी सूझी, सुजाटा, सॅम, सगळं ऐकलं होतं. पहिल्या फटक्यात नाव बरोबर उच्चारणारी तू पहिली, आणि तेही नुसती हवा गळणाऱ्या, फाटक्या आवाजात. मी आत कुठेतरी विरघळले. चूक झाली. लगेच पुढचं वाक्य आलं: "तर तू मला बोलायला शिकवणार? बेबी, तुझी आई जन्मली नव्हती तेव्हापासून मी गातेय."

मी म्हटलं, "माझी आई तुझ्याहून चार वर्षांनी मोठी आहे."

तू हसायला गेलीस आणि खोकत सुटलीस. खोकताना तंतू जोरात जवळ येतात. त्या खोकल्यात, एका क्षणापुरता, मला तुझा खरा आवाज ऐकू आला. जाड, खोल, तळाशी थोडी रेती असलेला. मी मनात म्हटलं, हा मी परत आणणार. तुझ्या सहकार्याने की तुझ्याशिवाय, हे तेव्हा ठरलं नव्हतं.

सहकार्य तू केलंच नाहीस. पाण्याच्या ग्लासात स्ट्रॉ घालून, 'ऊ' म्हणत, सारखे बुडबुडे काढायचे, दिवसातून पाच वेळा, एवढंच सांगितलं होतं. पुढच्या आठवड्यात विचारलं, केलंस? "केलं." किती वेळा? "मनात केलं." तीन आठवडे गायचं नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही, असं लिहून दिलं. दुसऱ्याच रविवारी तू गावातल्या कुणाच्या तरी अंत्यविधीला गायलीस. मी ओरडले. अगदी खरंच ओरडले, शेजारच्या खोलीतून सहकारी डोकावून गेली. तू शांतपणे म्हणालीस, "मेलेल्या माणसाला काय सांगू? दोन आठवडे थांब?"

मी फाइलमध्ये लिहिलं: पेशंट सूचना पाळत नाही.

आणि तरीही तू दर आठवड्याला येत राहिलीस, आणि व्यायामाच्या मधल्या वेळात बोलत राहिलीस, जो वेळ खरं तर गप्प बसायचा होता. मला हळूहळू सगळं कळत गेलं. तुमचं गाव इथून पूर्वेला तासाभरावर, रताळ्याच्या आणि तंबाखूच्या शेतांमधलं. तुझी आई तंबाखू सुकवायच्या कोठारात पानं बांधायची. एका बाईने तीन-तीन पानांची जुडी पुढे करायची, दुसरीने ती काठीवर दोऱ्याने गुंडाळायची, की पुन्हा तीन पानं. हात थांबत नसत आणि गाणंही. तू टेबलावर बोटांनी ते करून दाखवलंस. "बघ, हात आधी पोचतो, आवाज त्याच्या मागून येतो. पुढे मी क्लबात गायला लागले तेव्हा वाजवणारे म्हणायचे, अर्लीन, तू तालाच्या मागे गातेस, कुठल्या जॅझवाल्याकडे शिकलीस? मी म्हणायचे, तंबाखूकडे."

विशीत तू बसमध्ये बसून उत्तरेकडे गेलीस, तिकडच्या शहरांत गाऊन पोट भरलंस, आणि आई अंथरुणाला खिळली तेव्हा परत आलीस ती कायमची. मी विचारलं, सोल म्हणजे नक्की काय गं? तू म्हणालीस, "रविवारी सकाळचं गाणं घ्यायचं आणि देवाच्या जागी बेबी घालायचं. बाकी काही बदलायचं नाही. श्वाससुद्धा."

मग तू मला त्या जुन्या ओळींच्या गाण्याबद्दल सांगितलंस. तुझ्या आजोळच्या चर्चमध्ये पुस्तकं नव्हती, वाचता येणारेही थोडे. एक म्हातारा माणूस उभा राहायचा, एक ओळ भराभर बोलायचा, आणि सगळी सभा ती ओळ उचलून लांबच लांब ओढायची, प्रत्येक जण आपापल्या वळणाने. वाद्य नाही, काही नाही. "माझ्यात जे काही आहे ते तिथून आलंय," तू म्हणालीस. "क्लबातल्या दिव्यांनी काही दिलं नाही."

मी खुर्चीतून अर्धी उठले होते. "मिस अर्लीन, आमच्याकडे अगदी हेच!" आणि मी सुरू झाले. माझे बाबा नागपूरला गिरणीत कामाला होते आणि जयंतीला विहाराच्या मैदानावर जलसा करायचे. समतेची गाणी, माणूस म्हणून ताठ उभं राहायची गाणी. आम्ही दोघी बहिणी त्यांच्या मागे उभ्या राहून झील धरायचो, म्हणजे बाबांनी ओळ टाकली की तिचं टोक उचलून वर न्यायचं. आणि माझी मावशी विड्या वळायची, तीही तंबाखूच ना! म्हणजे सगळं सारखंच की!

तू ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, "नाही. सारखं नाही."

"कसं नाही? तुम्हा काळ्या लोकांना ज्यांनी खाली ठेवलं…"

"बेबी, मी तुला माझ्या घरात बसवलं. तू लगेच तुझं सामान का मांडायला लागलीस? तुझ्या बाबांचं गाणं तुझ्या बाबांचं आहे. ते म्हणून दाखव. मी ऐकते. पण ते माझं आहे असं सांगू नकोस, आणि माझं तुझं आहे असंही."

मला लागलं. आजही लागतं. मी म्हटलं, मी गात नाही, मी आवाज दुरुस्त करते. तू म्हणालीस, "हो, ते दिसतंच आहे." या वादात कोण बरोबर होतं ते अजून मला कळलेलं नाही, आणि ते ठरायच्या आत तू निघून गेलीस. हे काही बरं केलं नाहीस. माझ्याकडे अजून दोन-तीन चांगले मुद्दे होते.

वर्षभराने तुझी ट्रीटमेंट कागदोपत्री संपली. तुला डिस्चार्ज दिला, फाइल बंद केली, आणि पुढच्या मंगळवारी तू साडेबाराला, म्हणजे एकला, हजर. "आता मी पेशंट नाही ना? मग आता ओरडू नकोस." तेव्हापासून माझा लंच टाइम गेला तो गेला.

आवाज परत आला होता, पण पूर्वीचा नाही. पूर्वीपेक्षा खाली, आणि हवा अजून थोडी गळायचीच. त्यामुळे एक लांब ओळ तुला एका श्वासात पुरायची नाही. मी तुला शिकवत होते की श्वास ओळ संपल्यावर घे, शब्द तोडू नकोस. सहा महिने हेच. मग एका रविवारी तू मला चर्चमध्ये बोलावलंस. मिलिंद गाडी चालवत होता. माझा नवरा, शांत माणूस, कशालाही ये म्हटलं तर येतो. आम्ही शेवटच्या बाकावर बसलो. तू उठलीस, ओळ सुरू केलीस, आणि बरोबर एका शब्दाच्या मधोमध थांबलीस. श्वास घेतलास. सगळ्यांना ऐकू जाईल असा, सावकाश. अर्धा शब्द हवेत लटकलेला. सगळं चर्च पुढे झुकलं. आणि मग उरलेला अर्धा शब्द तू असा खाली ठेवलास की माझ्या पुढच्या बाकावरचा एक धिप्पाड माणूस रुमाल काढून डोळे पुसायला लागला.

मिलिंद माझ्या कानाशी म्हणाला, "ब्रिलियंट आहे यार ती."

मी म्हटलं, "चुकीच्या जागी श्वास घेतला."

पण त्या दिवसापासून मला एकच ध्यास लागला: हे रेकॉर्ड झालं पाहिजे. तुझ्या तरुणपणच्या दोन छोट्या रेकॉर्ड कुठेतरी असतील, पण हा आवाज, फाटून पुन्हा शिवलेला, हा कुणाकडेही नव्हता. मी ओळखीतून एक छोटा स्टुडिओ शोधला. माणूस चांगला, घाई न करणारा. तू हो म्हणालीस. मी दिवस ठरवला, तू आदल्या दिवशी कॅन्सल केलंस, गुडघा दुखतो म्हणून. पुन्हा ठरवला. पुन्हा कॅन्सल, पाहुणे येणार म्हणून. तिसऱ्या वेळी मी स्वतः स्टुडिओत पोचले होते. तो माणूस आणि मी एकमेकांकडे बघत तासभर बसलो. तुझा मेसेज आला: 'आज नको वाटतंय.' पुढे एक फुलाचं चित्र.

फुलाचं चित्र, मिस अर्लीन!

त्या मंगळवारी मी तुझ्यापुढे डबा उघडलाच नाही. विचारलं, "का? खरं कारण सांग."

आणि तू सांगितलंस. उत्तरेत असताना तुझी पहिली रेकॉर्ड करणाऱ्या माणसाने तुझ्याकडून एकच ओळ दिवसभर म्हणून घेतली होती. गावाकडचा हेल सोड, शब्द स्वच्छ म्हण, ओढू नकोस, तालावर ये. संध्याकाळपर्यंत तू दमून त्याला हवं तसं गायलीस. रेकॉर्ड घेऊन तू घरी आलीस आणि आईला ओसरीत बसवून ऐकवलीस. तिने सगळी ऐकली. मग म्हणाली, "छान गाते ही मुलगी. कोण आहे?"

"त्यानंतर मी यंत्रापुढे उभी राहायचं नाही असं ठरवलं," तू म्हणालीस. "दुसरी केली ती ठरलेली होती म्हणून. झालं तुझं समाधान?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मी चिडलेली होते, भुकेलीही होते. म्हटलं, "हा माणूस तसा नाही. तो तुला काही बदलायला सांगणार नाही. आणि तू गेल्यावर काय? कुणाला कळणार?"

"जे तिथे होते त्यांना."

"तेही मरतील."

"हो. मरतील."

"माझ्या बाबांना कुणी विचारलंच नाही," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "रणरणत्या उन्हात ट्रकवर उभं राहून गाऊन त्यांचा घसा पन्नाशीत गेला. एक कॅसेट नाही. ते एका ओळीवर वर कसे जायचे ते आज मला आठवत नाही, मी झील धरायचे तरी आठवत नाही! तुला लोक विचारतायत, स्टुडिओ तयार आहे, आणि तू नखरे करतेस. हा साधेपणा नाही. हा माज आहे." इंग्रजीत मी जो शब्द वापरला त्याला मराठीत माज हाच शब्द आहे.

तू टोपी उचललीस. दाराशी थांबून म्हणालीस, "तुझ्या बाबांसाठी जे करायचं राहिलं, ते माझ्यावर करू नकोस."

मग सहा आठवडे तू आली नाहीस. मी फोन केला नाही, तूही नाही. घरी धुसफुसत होते तेव्हा मिलिंद म्हणाला, "सुजाता, ती तुझी पेशंट आहे, मैत्रीण आहे की आई आहे, एकदा ठरव ना. आणि तिला रेकॉर्ड नाही करायचं तर नाही. इट्स हर व्हॉइस."

"आणि माझा लंच टाइम? इतके महिने?"

"तो तू दिलास यार. तिने कुठे मागितला होता?"

त्याच्याशीही दोन दिवस बोलले नाही.

सातव्या मंगळवारी बरोबर साडेबाराला दार उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर. हातात फॉइलने झाकलेलं ताट, आत रताळ्याचं सारण भरून भाजलेला तो तुमच्याकडचा गोड पदार्थ. "गोड कमी वाटलं तर सांगू नकोस," तू म्हणालीस. मी दोन प्लेट काढल्या. भांडणाबद्दल तू एक शब्द बोलली नाहीस, मीही नाही. 'माझं चुकलं' हे दोन शब्द माझ्या जिभेवर होते, पण त्या दिवशी इतकं बरं चाललं होतं की वाटलं, कशाला, पुढच्या मंगळवारी म्हणू. पुढचे मंगळवार तेरा आले. मी मोजलेत. तेरापैकी एकाही दिवशी म्हटलं नाही.

आणि एक सांगायचं आहे, ते मला नीट सांगता येत नाही. शेवटच्या दोन महिन्यांत तुला धाप लागायची. पार्किंगपासून माझ्या खोलीपर्यंत येताना मध्ये टेकायचीस. मी ती धाप घशाच्या हिशोबात टाकली. हवा गळतेय, म्हणून दम पुरत नाही. तुला श्वासाचे नवीन व्यायाम दिले! मग शंका आली आणि चार वेळा सांगितलं, हृदयाच्या डॉक्टरला दाखव. चौथ्या वेळी तू म्हणालीस, "मनात दाखवून आले." मी हसले. पाचव्यांदा सांगितलं नाही, कारण तुला चिडवायचं नव्हतं, पुन्हा सहा आठवडे नको होते. इतकी वर्षं तुझ्याशी कडाकडा भांडले आणि जिथे भांडायला हवं होतं तिथे गोडीत राहिले. हा राग तुझ्यावरचा नाही, तो वेगळा आहे. तो कुठे ठेवायचा ते मला अजून कळलेलं नाही.

गुरुवारी दुपारी डेनिसचा फोन आला. तुझी मुलगी, तुझ्यासारखीच उंच, शाळेत शिकवते, तुझ्यापेक्षा शंभर पटीने वक्तशीर. म्हणाली, ममा चर्चच्या स्वयंपाकघरात होती, कुणाकुणासाठी जेवण करत होत्या सगळ्या, आणि 'पाच मिनिटं बसते' म्हणून खुर्चीवर बसली. हॉस्पिटलला पोचायच्या आत संपलं होतं.

अंत्यविधीला तुमच्याकडे 'घरी जाणं' म्हणतात, हे मला तूच सांगितलं होतंस. मी पांढरी साडी नेसले, वर काळा कोट. मिलिंद म्हणाला, मागे बसू या. पण डेनिस दारातच उभी होती. तिने माझा हात धरला.

"मिस सुजाता, तुम्ही पाहुण्यांत बसायचं नाही. ममाने लिहून ठेवलंय. कॉयरच्या मागच्या रांगेत."

"मला गाता येत नाही, डेनिस."

"तेही लिहिलंय. 'ती नाही म्हणेल, ऐकू नका.'"

गेल्यावरही हुकूम! मी तुझ्या पेटीकडे बघितलं. टोपीसकट झोपली होतीस. टोपी जराशी तिरकी होती आणि कुणाचीही ती सरळ करायची हिंमत झाली नव्हती.

मागच्या रांगेकडे नेता नेता डेनिसने सांगितलं. तुमचं भांडण झालं त्याच आठवड्यात ममाने दर शनिवारी दुपारी बायका जमवायला सुरुवात केली. चौदा जणी. कुणी नर्स, कुणी बँकेत, एक बसड्रायव्हर. ती जुनी ओळींची गाणी शिकवायला. कागद नाही. फोन दाराशी एका टोपलीत काढून ठेवायचे. "घरी येऊन म्हणाली होती, त्या बाईने मला आज फार टोचलं," डेनिस म्हणाली. "मग दुसऱ्या दिवशी सकाळी उठून सगळ्यांना फोन करत बसली."

तेरा मंगळवार माझ्यासमोर बसून डबा खाल्लास आणि यातलं अवाक्षर बोलली नाहीस. सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं? मी जिंकले असते, एवढंच ना? की मी हरले असते? तुझ्या बाजूने याचा हिशोब कसा होता ते मला कधीच कळणार नाही.

मग त्या उठल्या. त्यांच्यातल्या सर्वांत मोठ्या बाईने ओळ दिली, भराभर, बोलल्यासारखी. बाकीच्यांनी ती उचलली. चौदा गळे, हळूहळू, पाणी चढावं तसे. आणि ओळीच्या मध्ये, एका शब्दाच्या मधोमध, चौदाही जणी थांबल्या. श्वास घेतला. अर्धा शब्द हवेत. मग उरलेला अर्धा.

मिस अर्लीन, त्यांच्यापैकी एकीच्याही स्वरतंतूला काही झालेलं नव्हतं. ती जागा त्यांना लागणारी नव्हती. ती तुझ्या दुखावलेल्या नसेची जागा होती, जी मी सहा महिने बुजवायला बघत होते. आणि आता चौदा धडधाकट बायका ती तशीच म्हणत होत्या, कारण गाणं असंच असतं असं तू त्यांना शिकवलं होतंस. त्या उद्या आपल्या मुलींना शिकवतील आणि त्या मुलींना वाटेल की हे शंभर वर्षांपासून असंच आहे. माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? की कुणीतरी यांना करेक्ट करायला हवं. मग मला हसू आलं, मग रडू आलं, आणि मग मी कोटाच्या खिशातून फोन काढला.

हो, काढला. सांगून टाकते. पत्रकाच्या आड धरला आणि लाल बटण दाबलं. तुझी परवानगी नाही, कुणाचीच नाही. शेजारच्या बसड्रायव्हर बाईने बघितलं. तिने नुसतं कोपराने मला ढोसलं, कारण ओळ पुन्हा दिली गेली होती आणि आमची रांग गप्प होती. मला शब्द येत नव्हते. पण ओळ टाकली की टोक उचलायचं, एवढं अंगात होतं. मी उचललं.

नंतर पार्किंगमध्ये, गाडीत बसून, मी ते लावलं. सहा मिनिटं आहेत. फोन माझ्या छातीशी होता, त्यामुळे सगळ्यांत मोठा आवाज माझा आहे. त्या चौदा जणी कुठेतरी दूर, भिंतीपलीकडे असल्यासारख्या, आणि पुढे मी: शब्द चुकलेले, सूर थोडा खाली, हेल थेट नागपूरचा. मिलिंदने गाडी सुरू केली नाही. दोघांनी शेवटपर्यंत ऐकलं.

तुझा आवाज मिळावा म्हणून मी इतकी धडपड केली आणि माझ्या हाताला हे लागलं, ज्यात तू कुठेच नाहीस. मी ते तेव्हापासून रोज ऐकते. ऐकताना माझ्यातली थेरपिस्ट गप्प बसत नाही. चौथ्या मिनिटाला एक शब्द आहे, त्याच्या मधोमध मी श्वास घेतलाय. सगळ्यांनी घेतलाय, पण माझा मोठ्याने ऐकू येतो. तिथे श्वास घ्यायची मला काही गरज नव्हती. तो मी तसाच ठेवणार आहे.